जास्तीची नळी

“ताई, या तेहतीस पेशी गेल्या कुठं?”

वाघोलेकाकांनी हे विचारलं तेव्हा मी प्रोजेक्टरच्या पारदर्शक ट्रान्सपरन्सीवर लाल पेनाने बाण काढत होते. बुधवारची दुपार होती आणि शुक्रवारी अकरा वाजता माझं भवितव्य ठरायचं होतं. पीएच.डी.ची चार वर्षं मार्चअखेर संपत होती, त्याबरोबर फेलोशिपही. बाहेरून येणारी तीन जणांची समिती माझं काम बघणार आणि मला दोन वर्षांची मुदतवाढ द्यायची की बीडला परत पाठवायचं ते ठरवणार होती. बीडला वडिलांनी एक स्थळ चार वर्षं धरून ठेवलं होतं. त्या बिचाऱ्याचा धीरही मार्चअखेरच संपत होता.

“कुठल्या तेहतीस?” मी मान वर न करता विचारलं.

काकांनी मशीनमधून छापून आलेले दोन कागद माझ्या बाणाशेजारी ठेवले. अगदी समांतर, टेबलाच्या कडेला लावून. गजेंद्र वाघोले हे आमच्या प्रयोगशाळेतले टेक्निशियन. तेव्हा पन्नाशी ओलांडलेले, अंगावर कायम धुतलेला, कोपरावर रफू केलेला पांढरा कोट. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला वडील गेले म्हणून शिक्षण सुटलं, आणि नळ्या धुवायला म्हणून पुण्याच्या आमच्या संस्थेत लागले ते पंचवीस वर्षांत मशीन चालवण्यापर्यंत पोचले. रक्त काढण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

इथे थोडं शास्त्र सांगावं लागेल, पण घाबरू नका. आमच्या आईला मी हे एसटीडी बूथवरून साडेतीन मिनिटांत समजावलं होतं.

आपल्या रक्तात काही पांढऱ्या पेशी अशा असतात की त्यांना जुना आजार आठवतो. जंतू एकदा येऊन गेला की त्या त्याची ओळख वर्षानुवर्षं धरून ठेवतात. तोच पुन्हा आला तर जाग्या होतात आणि रसायनं सोडून बाकीच्या पेशींना हाक घालतात. त्या रसायनांना सायटोकाइन म्हणतात. आमच्या कामात त्यातलं महत्त्वाचं होतं इंटरफेरॉन. दिसायला या सगळ्या पेशी सारख्याच, म्हणून अंगावरच्या खुणांवरून त्यांची जात ओळखायची. आठवणीच्या काही पेशींवर एक विशिष्ट खूण असते, काहींवर नसते. तिचं कागदोपत्री नाव लांबलचक आहे, आम्ही तिला नुसतं ‘बासष्ट’ म्हणायचो. ही खूण असली की पेशीला मानेतल्या, काखेतल्या गाठींमध्ये शिरता येतं. खूण बघायची तर तिला जाऊन चिकटणारी रंगीत अँटिबॉडी घालायची, मग मशीन एकेक पेशी तपासून सांगतं.

माझा शोध एका वाक्यात मावणारा होता. बासष्टवाल्या पेशी ऐतखाऊ, बिनबासष्टवाल्या कामसू. रक्तातल्या पेशी औषध घालून पाच तास जाग्या ठेवायच्या, मग बघायचं. इंटरफेरॉन करणाऱ्या जवळजवळ सगळ्या पेशींवर बासष्ट नसायचंच. मशीन याचं चार खणांचं चित्र काढायचं आणि माझे सगळे ठिपके एकाच खणात मुंग्यांसारखे गोळा व्हायचे. एकोणतीस माणसांच्या रक्तात हेच चित्र. आमच्या प्रमुख, डॉ. मंदाकिनी खांबेटे, यांनी दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या परदेशी नियतकालिकात हेच मांडलं होतं. मी ते पुढे नेलं होतं आणि मला ते चित्र इतकं आवडायचं की त्याची एक प्रत मी होस्टेलच्या कपाटावर आतून चिकटवली होती.

“ही बघा,” काका म्हणाले, “झोपलेल्या पेशींची नळी. औषध घालायच्या आधीची. शंभरात बेचाळीस बासष्टवाल्या. आणि ही पाच तासांनंतरची. शंभरात नऊ. मधल्या तेहतीस गेल्या कुठं?”

“ही पहिली नळी कुठून आली? मी तर यादीत लिहिली नव्हती.”

“जास्तीची आहे.”

मी हसले. काकांची जास्तीची नळी हा प्रयोगशाळेतला जुना विनोद होता. आपण आठ नळ्या लिहून द्याव्या, काकांच्या ट्रेमध्ये नऊ असायच्या. मॅडमचा नियम कडक होता. अँटिबॉडी परदेशातून बर्फात घालून येते, यायला तीन महिने लागतात, तेव्हा थेंब वाया घालवायचा नाही. झोपलेल्या पेशींची एक नळी आम्हीही ठेवायचो, पण तिच्यात इंटरफेरॉन नाही ना एवढंच बघायचो. झोपलेल्या पेशींवर बासष्टची अँटिबॉडी कशाला उधळायची? काका मात्र संपलेल्या बाटल्यांच्या तळाशी राहिलेला थेंब टिपून त्यांची नववी नळी रंगवायचे. कुणी काही म्हणालं की म्हणायचे, “पाहुणा बाहेर कसा वागतो ते बघायचं तर तो घरी कसा होता ते ठाऊक नको?” त्या नळीचं पुढे ते काय करतात हे कुणी कधी विचारलं नव्हतं.

“अहो काका, औषध कडक असतं. मेल्या असतील त्या.”

“मलापण तसंच वाटलं. म्हणून काल निळा रंग घालून सूक्ष्मदर्शकाखाली मोजल्या. मेलेली पेशी निळी होते. सात लाख घातल्या होत्या, साडेसहा लाखांच्या वर जित्या निघाल्या. एवढ्या मेल्या म्हणावं तर मढी कुठायत?”

आता मी पेन खाली ठेवलं. मला लख्ख आठवतं, त्या क्षणी मला शास्त्र वगैरे काही सुचलं नाही. मला काकांचा राग आला.

“म्हणजे तुमचं म्हणणं तरी काय?”

“माझं म्हणणं काही नाही. मी आपला विचारतोय.” त्यांनी कागद पुन्हा सरळ केले. “आमच्या गावी, दिव्याला, भर दुपारी शेतात जाऊन बघा. काम करणारी सगळी माणसं उघड्या डोक्याची दिसतील. म्हणून काय टोपीवाले आळशी? टोप्या तिथंच बांधावर असतात की हो. कामाला लागताना काढून ठेवलेल्या.”

म्हणजे बासष्ट ही टोपी, पेशी जागी होताना अंगावरून गाळून टाकते ती. चार वर्षं मी कामाला लागलेल्या पेशी बघत होते आणि त्यांच्या डोक्यावर टोपी नाही म्हणून त्यांची वेगळी जात ठरवत होते.

“तुमचा हात चुकला असेल रंग लावताना,” मी म्हणाले. हे बोलले याची मला आजही लाज वाटते. काकांचा हात चुकत नाही हे त्या इमारतीतल्या शिपायालाही माहीत होतं.

“असेल,” काका शांतपणे म्हणाले. “मग एकदा तुम्ही लावा.”

त्यांच्या आवाजात टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. तसलं काही नव्हतं. ते गेले आणि सेंट्रिफ्यूज पुसू लागले. मी पंधरा मिनिटं त्या दोन कागदांकडे बघत बसले, मग उठून त्यांच्यापाशी गेले.

“आधी वेगळ्या करायच्या,” मी म्हणाले. “बासष्टवाल्या एका बाटलीत, बाकीच्या दुसऱ्या बाटलीत. आणि मग जाग्या करायच्या. तुमचं खरं असेल तर टोपीवाल्यांच्या बाटलीतही इंटरफेरॉन मिळेल.”

“आणि टोप्या गेलेल्या दिसतील,” काका म्हणाले. “उद्या सकाळी आठला लागलो तर संध्याकाळी सातपर्यंत कळतंय. पण रक्त कुणाचं घ्यायचं?”

आमच्या प्रयोगशाळेत रक्त घरचंच वापरलं जायचं. दारामागे सगळ्यांच्या नावांचा तक्ता होता, ज्याने दिलं त्याच्यापुढे तारीख, आणि एका महिन्यात दुसऱ्यांदा कुणाचं घ्यायचं नाही असा दंडक. रक्त देणाऱ्याला काकांच्या हातचा चहा आणि राजगिऱ्याचा लाडू. आम्ही दोघांनी तक्ता वरून खाली वाचला. महिना प्रयोगांचा होता, सगळ्यांपुढे तारखा पडलेल्या. एकाच नावापुढची ओळ कोरी होती, आणि ती या महिन्यातच नाही, तर गेली चार वर्षं कोरी होती.

ते नाव माझं होतं. एकोणतीस माणसांचं रक्त मी वापरलं होतं, आणि स्वतः सुई बघितली की मला घेरी यायची. यावरून मला बरंच चिडवलं जायचं. काका मात्र कधी चिडवत नसत. आताही त्यांनी तक्त्यावरून नजर हळूच काढून घेतली आणि म्हणाले, “शेजारच्या विभागात विचारू का कुणाला?”

“नको,” मी म्हणाले. “माझंच काढा.”

गुरुवारी सकाळी आठला मी खुर्चीत बसले आणि डोळे गच्च मिटले.

“मूठ आवळा. बीडला पाऊस कसा झाला यंदा?”

“बरा झाला म्हणतात. आई सांगत होती, विहिरीला—”

“सोडा मूठ. झालं.”

डोळे उघडले तर चार नळ्या भरलेल्या. विहिरीचं वाक्य पुरं व्हायच्या आत. मग त्यांनी चहा दिला, लाडू दिला, तक्त्यावर माझ्या नावापुढे स्वतःच्या वळणदार अक्षरात तारीख घातली, आणि आम्ही कामाला लागलो.

त्या दिवशी मी पहिल्यांदा काकांचे हात नीट बघितले. एरवी मी यादी लिहून द्यायचे आणि वाचायला निघून जायचे, त्यामुळे चार वर्षं हे काम मला कागदावरच माहीत होतं. रक्ताच्या थरांमधून पांढऱ्या पेशींचा तो धुरकट पट्टा पिपेटने उचलायचा असतो. माझ्या हातून तो नेहमी फाटायचा. काकांनी तो दुधावरची साय उचलावी तसा अख्खा उचलला. बासष्टवाल्या वेगळ्या काढायला लोहचुंबकाच्या नळीतून पेशी गाळताना ते थेंब मोजत होते, ओठ न हलवता. मध्येच मी काही विचारलं की बोट वर करायचे, थेंब संपला की उत्तर द्यायचे. पाच तास पेशी उबदार कपाटात होत्या तेव्हा त्यांनी डबा उघडून मला भाकरी आणि घेवड्याची भाजी खायला लावली. “रक्त दिलंय तुम्ही,” असं दोनदा बजावलं. मी सगळ्या नळ्या स्वतः रंगवल्या. ते बाजूला उभे राहिले, हात मागे बांधून, आणि एकदाही मध्ये पडले नाहीत. फक्त एकदा म्हणाले, “पिपेटचं टोक बदला ताई.”

साडेसहाला मशीनच्या पडद्यावर ठिपके यायला लागले.

टोपीवाल्यांच्या बाटलीत इंटरफेरॉन होतं. दुसऱ्या बाटलीइतकं नाही, तिच्या साधारण एकतृतीयांश, पण स्वच्छ, ठसठशीत होतं. आणि सकाळी ज्या पेशी माझ्या डोळ्यांसमोर बासष्टच्या खुणेवरून वेगळ्या केल्या होत्या त्यांच्यातल्या दहातल्या आठांवर आता ती खूण नव्हती. काम करणाऱ्यांवर तर जवळपास नव्हतीच. माझ्याच रक्ताने माझा शोध खोडून काढला होता.

मला रडू आलं. लपवण्यासारखं नव्हतं, कारण खोलीत दुसरं कुणी नव्हतं आणि काका रुमाल शोधत होते.

“चार वर्षं फुकट गेली, काका.”

“फुकट कशी? काल ठाऊक नव्हतं, आज ठाऊक झालं.”

“उद्या मी काय दाखवू? मॅडमही नाहीत.” मॅडम दिल्लीला बैठकीला गेल्या होत्या, शुक्रवारी सकाळच्या गाडीने येणार होत्या. मोबाइल तेव्हा आमच्यासारख्यांच्या स्वप्नातही नव्हते. “आणि मॅडमचा तो निबंध... तोही...”

काकांनी मशीन बंद करायच्या आधी ते धुवायचं पाणी सोडलं आणि म्हणाले, “जुनी चित्रंपण खरीच आहेत. मशीननं खोटं काही काढलं नाही. काय दाखवायचं ते तुम्ही ठरवा. मी दिवे मालवायला असतोच तिथं.”

शुक्रवारी दहा वाजता मी सभागृहात दोन पाकिटं घेऊन बसले होते. एकात लाल बाणांच्या देखण्या ट्रान्सपरन्सी, दुसऱ्यात रात्री होस्टेलवर हाताने काढलेल्या तीन. मॅडमची गाडी उशिरा होती. समिती आली, चहा झाला, सव्वाअकरा वाजले. मॅडम प्रवासातल्या चुरगळलेल्या साडीनेच थेट आत आल्या, पहिल्या रांगेत बसल्या आणि मला मानेने ‘सुरू कर’ म्हणाल्या. त्यांच्या कानावर काही घालायला एक मिनिटही मिळालं नाही. काकांनी भिंतीजवळच्या बटणांपाशी उभं राहून दिवे मालवले.

मी पहिल्या पाकिटातलं चित्र लावलं. समितीतले डॉ. पद्मनाभन, चेन्नईचे, या विषयातले एकटेच जाणकार, पुढे झुकले आणि म्हणाले, “ब्यूटिफुल.” मॅडम प्रसन्न हसल्या. तिथे थांबले असते तर चाललं असतं. खरंच चाललं असतं.

“हे चित्र खरं आहे,” मी इंग्रजीत म्हणाले, आवाज माझा मलाच परका वाटत होता, “पण याचा मी लावलेला अर्थ चुकीचा आहे.” आणि दुसरं पाकीट उघडलं.

सात मिनिटं बोलले. मॅडमकडे बघायची हिंमत नव्हती, फक्त त्यांच्या पेनाचं टोपण लावल्याचा आवाज ऐकू आला. झाल्यावर पद्मनाभन चष्मा पुसत म्हणाले, “धाडसी आहे. पण बाई, हा एका माणसाच्या रक्तावर, एका दिवशी केलेला प्रयोग आहे. एकोणतीस माणसं एकीकडे आणि एक माणूस एकीकडे. काल तुमचाच दिवस वाईट नव्हता कशावरून? एवढ्यावर मी कुणाला दोन वर्षं कशी देऊ?”

प्रश्न चोख होता. मी जुनं घर मोडलं होतं आणि नव्याची एकच वीट हातात घेऊन उभी होते. मला बीडचा बसस्टँड दिसायला लागला.

तेवढ्यात मॅडम उठल्या. बुटक्याशा, साठीला आलेल्या, त्या विषयात देशभर नाव असलेल्या बाई. त्या समितीकडे वळल्या नाहीत, भिंतीकडे वळल्या.

“वाघोले, दिवे लावा.”

दिवे लागले.

“तुम्ही अजून ती नळी ठेवता का?”

“हो मॅडम.”

“कागद?”

“आहेत. खालच्या खणात.”

“किती झाले?”

“कालची सोडून अठ्ठावन्न.”

मॅडमनी क्षणभर डोळे मिटले. मग त्या समितीला म्हणाल्या, आणि हे त्या इतक्या सरळ म्हणाल्या की मी त्यातला शब्द विसरलेले नाही: “माझा निबंध छापून यायच्या आधी या गृहस्थांनी मला विचारलं होतं की तेहतीस-चौतीस पेशी कुठे जातात. मी म्हणाले, मरत असतील, आणि जास्तीच्या नळ्या लावू नका. उत्तर मी बघून दिलं नव्हतं. मला ते चित्र फार आवडलं होतं. या मुलीची यात चूक नाही. मेल्या असतील हे उत्तर तिने माझ्याकडून घेतलं आहे.”

काका फाइल आणायला गेले. सहा मिनिटं लागली, तेवढ्या वेळात कुणी कुणाकडे बघितलं नाही.

फाइल जुन्या कॅलेंडरच्या कागदात गुंडाळलेली होती. आत अठ्ठावन्न पानं. प्रत्येक पानावर डावीकडे झोपलेल्या पेशींचं चित्र, उजवीकडे जागवलेल्यांचं, खाली निळ्या रंगाने मोजलेल्या जिवंत पेशींचा आकडा, तारीख, आणि रक्त कुणाचं ते. चार वर्षांतला एकेक प्रयोग. माझी एकोणतीसच्या एकोणतीस माणसं त्यात होती. प्रत्येक पानावर बासष्ट डावीकडे होतं आणि उजवीकडे गळालेलं, आणि पेशी मात्र प्रत्येक पानावर जिवंत. तळाच्या थेंबांवर, संध्याकाळी आम्ही घरी गेल्यावर अर्धा तास थांबून त्या माणसाने हे केलं होतं. मी चार वर्षं ज्याला माझं काम म्हणत होते त्याचा अर्धा भाग त्या खणात होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

पद्मनाभननी सगळी पानं बघितली. घाई न करता, एकेक. मग फाइल मिटली आणि मॅडमना म्हणाले, “त्यांना विचारा, तुम्ही नको म्हणाल्यावरही का ठेवत राहिले?”

मॅडमनी विचारलं. काकांनी कोटाची बटणं उगाच चाचपली. “मॅडम म्हणाल्या मेल्या. मी मोजल्या, तर मेल्या नव्हत्या. पुन्हा मॅडमना म्हणावं, तर माझ्याकडं एकच नळी. एका नळीवर कोण ऐकतंय? म्हटलं ठेवत जाऊ. कधीतरी कुणीतरी विचारील.” मग म्हणाले, “कुणी विचारलं नाही. आणि ताई आता सगळ्यांसमोर बोलणार, मागनं कुणी चूक दाखवली तर त्यांनी काय करायचं? म्हणून मग परवा मीच विचारलं.”

आणि विचारताना त्यांनी मला मॅडमचं नावही सांगितलं नव्हतं, फाइलही दाखवली नव्हती. मॅडमच्या माघारी त्यांची चूक माझ्यापुढे मांडायची नव्हती त्यांना. मी स्वतः बघावं एवढीच त्यांची इच्छा होती.

मॅडमनी काकांचं बोलणं इंग्रजीत सांगितलं. पद्मनाभन उठले, काकांपर्यंत चालत गेले आणि त्यांच्याशी हात मिळवला. काकांनी आधी हात कोटाला पुसला.

मी दोन वर्षं मागितली होती, दीड मिळालं. बीडचं स्थळ त्याच उन्हाळ्यात उजवलं गेलं, दुसरीकडे, आणि सुखाने. बाहेर व्हरांड्यात मॅडम मला म्हणाल्या, “सकाळी आधी मला गाठून हे सांगितलं असतंस ना सुचेता, तर मी तुला थांबवलं असतं. सहा महिने थांब म्हणाले असते. बरं झालं गाडी उशिरा आली.” आणि त्या आत जाऊन त्या नियतकालिकाला स्वतःच्या निबंधाची चूक कळवणारं पत्र लिहायला बसल्या. चूक करणारे मी पुढे पुष्कळ बघितले, स्वतःत तर रोजच बघते. स्वतःहून असं पत्र लिहिणारं माणूस मात्र फारसं भेटलं नाही. आमचा नवा निबंध आला तेव्हा त्यातलं पहिलं चित्र काकांच्या फाइलमधलं होतं आणि लेखकांत त्यांचं नाव माझ्या शेजारी.

याला पाव शतक झालं. आता माझी स्वतःची प्रयोगशाळा आहे आणि प्रत्येक प्रयोगाच्या यादीत शेवटी एक नळी असते. झोपलेल्या पेशी, सगळ्या खुणा रंगवून. कुणी कधी सुरू केलं आठवत नाही, पण आमच्याकडे तिला ‘वाघोले’ म्हणतात. “वाघोले लावलीस का?” असं मुलं एकमेकांना ओरडून विचारतात. माझे विद्यार्थी गेले तिथे तिथे हे नाव गेलं आहे.

परवा नागपूरहून आलेल्या ऋजुता नावाच्या नव्या मुलीने मला विचारलं, “मॅम, हे वाघोले कुठल्या देशाचे शास्त्रज्ञ होते?”

“दिव्याचे,” मी म्हणाले. “सासवडच्या अलीकडे, घाट चढून गेलं की.”

तिला वाटलं मी चेष्टा करते आहे. मला इतकी मजा वाटली की मी तिथूनच काकांना फोन लावला. आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, गावी असतात, अंजिराची बाग बघतात, कानाने जरा कमी ऐकू येतं. मी मोठ्याने सगळं सांगितलं. नळीचं नाव, पोरीचा प्रश्न, सगळं. वाटलं, खूश होतील.

ते खूप हसले. मग म्हणाले, “ते असू द्या ताई. त्या पोरीच्या नळीत निघालं काय?”

मी बघितलं नव्हतं. तिचा कागद सकाळपासून माझ्या टेबलावर पडून होता.

“बघते काका,” मी म्हणाले, आणि फोन ठेवून चष्मा शोधला.